बागेतल्या रेल्वेसाठी हाताने सांधा बदलायचा लिव्हर: खऱ्यासारखा दिसणारा आणि खरंच काम करणारा कसा बनवायचा?

रूळवेडा

नमस्कार मंडळी. बागेत ४५ मिमी गेजची (दोन रुळांमधलं अंतर) लाईन आहे, स्केल १:२२.५, म्हणजे मीटरगेजची गाडी. इंजिनं सगळी बॅटरीवर चालतात, रुळात करंट नाही. सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा, हातानेच बदलायचे हे आधीपासून ठरलंय, मोटर लावायची नाहीये, कारण शंटिंग (डबे जोडणं, सोडणं, हलवणं) करताना गाडी थांबवून, वाकून, सांधा फिरवून परत कंट्रोलर हातात घ्यायचा यातच मला खरा आनंद मिळतो.

अडचण अशी की सांध्याबरोबर जी प्लास्टिकची डबी येते ती काम चोख करते पण दिसायला अगदीच डबी दिसते. स्टेशन यार्डातल्या सांध्यांना तरी जुन्या पद्धतीचा वजनाचा लिव्हर हवाय, तो एका बाजूला कललेला दांडा आणि टोकाला जाड लोखंडी तबकडी असते ना, दांडा उचलून पलीकडे टाकला की वजनाने धप्पकन बसतो, तो. पितळी पट्टीतून एक नमुना केलाय, दिसतो छान, पण जीभ, म्हणजे सांध्यातला सरकणारा निमुळता रूळ, बाजूच्या रुळाला घट्ट टेकत नाही, कधी अर्धा मिमी फट राहते तर कधी लिव्हरच थोडा मागे येतो. आणि तेवढ्या फटीत पुढचं चाक चढतं. दांडा बारीक ठेवला तर बोटाने वाकतो, जाड केला तर स्केल जातं. वर ऊन पाऊस आहेच. कोणी असे लिव्हर केलेत का? मोजमापं, मटेरियल, युक्त्या, जे असेल ते सविस्तर सांगा.

नॅरोगेज

विषय एकदम जवळचा काढलात. आधी एक विचारतो, लिव्हर कशावर बसवलाय? सांधा खडीवर आणि लिव्हर शेजारी वेगळ्या लाकडी ठोकळ्यावर असेल तर बाकी काहीही करा, फट येणारच. पाऊस पडला की खडी बसते, माती फुगते, कोणाचा तरी पाय पडतो आणि दोघांमधलं अंतर एखाद मिमीने बदलतं, आणि आपला सगळा खेळच ५ मिमीचा आहे. सांधा आणि लिव्हर दोन्ही एकाच पाट्यावर घ्या, ३ मिमी ॲल्युमिनियम किंवा जाड एचडीपीई प्लास्टिकचा तुकडा चालेल, पाणी जायला त्याला भरपूर भोकं पाडा, वरून खडी टाकली की पाटा दिसत नाही. खऱ्या रेल्वेत सुद्धा लिव्हर जमिनीत नाही रोवत, जिभेच्या टोकाजवळचे दोन स्लीपर बाहेरपर्यंत लांब घेतात आणि लिव्हर त्यावर बोल्ट करतात, म्हणजे रूळ हलला तर लिव्हरही बरोबर हलतो. तेच आपण पाट्याने करतोय, आणि वर दोन लांब स्लीपर दाखवले की दिसायलाही बरोबर.

कानस_आणि_पितळ

नॅरोगेज यांनी पाया सांगितला, मी लिव्हरचं सांगतो.

रूळवेडा, तुमचा लिव्हर आणि जीभ सरळ कडक दांड्याने जोडलेत ना? मग फट राहणारच, कारण लिव्हरचा प्रवास आणि जिभेचा प्रवास तंतोतंत सारखा करणं हाताने शक्य नाही आणि केला तरी उन्हाळ्या हिवाळ्यात तो बदलतो. लिव्हरने नेहमी जिभेपेक्षा जास्त सरकायचं आणि जास्तीचं सरकणं मधल्या स्प्रिंगने गिळायचं. सगळ्यात सोपी स्प्रिंग म्हणजे जोडणाऱ्या तारेतच ओमेगाच्या आकाराचं एक वळण. तार स्टेनलेस स्प्रिंग वायर ०.८ मिमी घ्या, पियानो वायर बाहेर गंजते. वळण स्लीपरांच्या मधल्या खाचेत आडवं झोपवलं की खडीखाली जातं.

हिशोब असा. समजा जीभ ५ मिमी सरकते, तुम्ही तुमची मोजा कारण प्रत्येक मेकचं वेगळं असतं. लिव्हरच्या खालच्या टोकाला ७ मिमी सरकवायचंय, म्हणजे दोन्हीकडे १-१ मिमी स्प्रिंग दबेल आणि तो दाब जीभ रुळाला चिकटवून ठेवेल. लिव्हर उभ्या रेषेपासून दोन्हीकडे ५० अंश पडतो असं धरा. सरकणं म्हणजे खालच्या भुजेची लांबी गुणिले २ गुणिले साईन ५०, म्हणजे भुजेच्या दीडपट. ७ भागिले १.५३, भुजा आली ४.६ मिमी. बिजागरीच्या मध्यापासून खालच्या पिनेच्या मध्यापर्यंत ४.६. हे भोक अर्धा मिमी इकडे तिकडे झालं तर सरकण्यात पाऊण मिमीचा फरक पडतो, म्हणून आधी जाड कार्डावर आकृती काढून टाचणीने फिरवून बघा आणि मग पितळेला हात लावा. किंवा भुजेला ४, ४.६, ५.२ अशी तीन भोकं पाडून ठेवा, खाली असतात, कोणाला दिसत नाहीत, बसवताना जे जुळेल ते घ्यायचं.

आता दांडा वाकतो त्याबद्दल. पितळ सोडा, १.५ मिमी स्टेनलेसची पट्टी घ्या. बिजागरीपाशी ३.५ मिमी रुंद, वर मुठीपाशी १.५, असा निमुळता कानशीने घासत न्यायचा आणि मुठीचा शेवटचा भाग गोल करायचा. घासायला वेळ लागतो खरा, पण हाच निमुळतेपणा लिव्हरला खरा करतो. सरळ सारख्या रुंदीची पट्टी कितीही रंगवा, ती पट्टीच दिसते.

चिमटा म्हणजे दांडा ज्या दोन कानांमध्ये फिरतो तो तुकडा कोरून काढायच्या भानगडीत पडू नका. ४ मिमीची चौकोनी पितळी नळी घ्या, टोकाकडून ६-७ मिमीपर्यंत समोरासमोरच्या दोन भिंती आरीने कापून काढा, उरलेल्या दोन भिंती म्हणजे तयार चिमटा, दोन्ही कान आपोआप समांतर. भोक दोन्ही कानांतून एकाच वेळी पाडायचं, आधी आत बरोब्बर बसेल असा लाकडाचा तुकडा घालून, नाहीतर ड्रिलच्या दाबाने कान आत वळतात. दांड्याच्या दोन्ही बाजूला पातळ वॉशर टाका म्हणजे डुगडुगणार नाही.

आणि दिसणाऱ्या ठिकाणी एम२ चे (२ मिमी स्क्रूचे) नट लावू नका. एम२ चा नट ४ मिमी रुंद असतो, १:२२.५ मध्ये तो ९० मिमीचा झाला, एवढा नट लिव्हरच्या बुडाशी विचित्र दिसतो. खालून एम२ ने आवळा आणि वर दिसायला एम१ किंवा एम१.२ चे षटकोनी डोके नुसते चिकटवा.

वाफाळलेली

वरच्या सगळ्याला +१. पण रूळवेडा, तुम्हाला वजनाचा लिव्हर हवाय आणि तिथे एक गोम आहे जी कोणी बोललं नाहीये. लांबी २२.५ पट कमी झाली की वजन २२.५ चा घन, म्हणजे सुमारे ११,४०० पट कमी होतं. खरी तबकडी ४० किलोची धरली तर तुमच्या स्केलला ती साडेतीन ग्रॅम भरते. आणि वाळूचा कण मात्र स्केलमध्ये लहान होत नाही, तो जिभेखाली गेला की तेवढाच मोठा.

आता स्प्रिंगचा दाब १०० ग्रॅम ठेवला, त्याहून कमी मी तरी बाहेर ठेवणार नाही, तर ४.६ च्या भुजेवर तो लिव्हरला मागे ढकलतो साधारण ३०० ग्रॅम-मिमीने. तुमची साडेतीन ग्रॅमची तबकडी ४० मिमी दांड्यावर, ५० अंश कललेली, देते जेमतेम १०७. म्हणून तुमचा लिव्हर मागे येतोय. १० ग्रॅमला कसंबसं बरोबरी होते, १५ ग्रॅमला ४६० मिळतात आणि मग तो ठाम बसतो. १५ ग्रॅम पितळेत म्हणजे १६ मिमी व्यासाची जवळजवळ ९ मिमी जाड तबकडी, जरा स्थूल दिसते. शिसं घेतलं तर १४ व्यास आणि साडेआठ जाड, बरं दिसतं, पण शिशाला रंगाचा थर नीट द्या आणि हात धुवा. टंगस्टनचे मासेमारीचे गळवजन मिळाले तर सगळ्यात उत्तम, त्याची घनता शिशाच्या दीडपटीहून जास्त असते.

मी स्वतः वजनावर सगळा भार टाकत नाही. दिसायला स्केलची तबकडी आणि धरून ठेवायला खाली लपवलेली दुसरी ओमेगा स्प्रिंग. लिव्हरची भुजा खाली आणखी ३-४ मिमी वाढवायची आणि तिच्या टोकापासून सरळ खाली १०-१२ मिमीवर पाट्याखालच्या पेटीत एक स्थिर भोक, त्या दोघांमध्ये स्प्रिंग ताणून नाही तर दाबून बसवायची. लिव्हर उभा असताना ती सगळ्यात जास्त दबलेली असते, म्हणून तो मधे थांबूच शकत नाही, अर्ध्यावरून पुढे गेला की स्वतःच पलीकडे पडतो. हाताला जो खटका लागतो तो असा लागतो की वाटतं वजनच पडलं. प्लास्टिकच्या डब्यांमध्ये पण आत हेच तत्त्व असतं, आपण फक्त त्याला चांगले कपडे घालतोय.

रूळवेडा

ताई, हे वाचून उलगडा झाला, वजनाचा घन होतो हे डोक्यातच नव्हतं आलं माझ्या. जीभ मोजली, माझी ५.२ सरकते, म्हणजे कानस भाऊंचा हिशोब जवळपास तसाच लागू होतोय. एक शंका, स्प्रिंगऐवजी दोन्ही टोकांना छोटे निओडिमियम चुंबक लावले तर? आणि उलट बाजूने गाडी आली, म्हणजे जीभ चुकीच्या बाजूला असताना मागून चाक आलं तर एवढ्या घट्ट लिव्हरचं काय होतं?

वाफाळलेली

चुंबक धरतो चांगला पण तो फक्त शेवटच्या मिमीभरात ओढतो, मधल्या प्रवासात काहीच नाही, त्यामुळे लिव्हर अर्धवट उभा राहू शकतो. शिवाय बागेच्या मातीत लोखंडाचे कण असतात, ते त्याला दाढीसारखे चिकटतात आणि मग लिव्हर पूर्ण बसत नाही. लावायचेच असतील तर बंद पेटीत लावा.

उलट गाडीचं म्हणाल तर चाकाने जीभ ढकलली की आधी तारेतलं वळण दबतं, आणि ते पुरेसं मोठं ठेवलं असेल तर लिव्हर जागेवर राहून जीभ पूर्ण ५ मिमी बाजूला होते आणि चाक गेलं की परत येते. वळण लहान असेल तर ताण लिव्हरवर येतो आणि तो उलटतो. जड इंजिन दोन्ही करू शकतं, पण हलका चार चाकी डबा पुढे घालून ढकलत नेत असाल तर तो जीभ ढकलण्याऐवजी वर चढतो. म्हणून स्प्रिंग ठरवताना सर्वात हलका डबा हाताने उलट दिशेने ढकलून बघा. तो सहज गेला पाहिजे आणि तरी जीभ घट्ट टेकलेली राहिली पाहिजे, या दोन्हीच्या मधली जागा सापडेपर्यंत तार बदलत राहायचं, ०.६ पासून १ मिमीपर्यंत.

उन्हातली_लाईन

मटेरियलवर माझे दोन शब्द, कारण थ्रीडी प्रिंटचा विचार कोणाच्या तरी मनात येणारच. पीएलए (प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) बाहेर नको. ते ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं आणि काळा रंगवलेला लहान तुकडा भर उन्हात त्याच्या जवळ सहज पोचतो, लिव्हर सकाळी सरळ आणि दुपारी वाकडा. एबीएसला उष्णता चालते पण उन्हातल्या अतिनील किरणांनी ते ठिसूळ होतं. एएसए घ्या, ते उन्हासाठीच आहे. तरीही प्रिंट फक्त बैठक, खोगीर, खोटे बोल्ट वगैरेसाठी, फिरणारी पिन आणि भुजा धातूचीच.

बिजागरीला तेल घालू नका, तेलाला धूळ चिकटते आणि महिन्याभरात त्याची कानशीसारखी पेस्ट होते. कोरडं ग्रॅफाईट उत्तम. फक्त ज्यांच्या रुळात करंट आहे त्यांनी ग्रॅफाईट जिभांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीजवळ नेऊ नये, ते वीज वाहून नेतं. आणि अशांनी आडवी पट्टी पण प्लास्टिकची किंवा फायबरचीच ठेवावी, पूर्ण धातूचा लिव्हर आणि धातूची पट्टी दोन्ही जिभांना लागली की शॉर्ट.

रंग: पितळेवर थेट रंग टिकत नाही, आधी घासून, स्पिरिटने पुसून एच प्रायमर (etch, धातूला पकडणारा पहिला थर), मग मॅट काळा. मुठीवर रंग लावूच नका, किंवा लावून परत घासून काढा. रोज हात लागणारा लिव्हर मुठीपाशी उघडा आणि चकचकीत असतो, बाकी दांड्यावर गंज आणि तेलकट काळेपणा. स्टेनलेसचा दांडा असेल तर हे आपोआप मिळतं आणि पुढे गंजतही नाही. हा एक बारकावा केला की फोटोत लिव्हर वापरातला वाटतो.

सिग्नल_केबिन

मी वेगळं मत मांडतो. प्रत्येक सांध्याशी वाकत बसण्यापेक्षा यार्डाच्या कडेला एकच लिव्हर फ्रेम करा, पाच सहा लिव्हर ओळीत, आणि तिथून दांडे सांध्यांपर्यंत. दिसायला यार्ड एकदम खरं होतं. ब्रिटिश पद्धतीच्या फ्रेममध्ये लिव्हरचे रंग ठरलेले आहेत, सांध्याचे काळे, गाडी थांबवणाऱ्या सिग्नलचे लाल, डिस्टंटचा (पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारा) पिवळा, फेसिंग पॉइंट लॉकचा (सांधा जागेवर अडकवणारं कुलूप) निळा आणि रिकामे पांढरे. वरची मूठ बिनरंगाची पॉलिश केलेली. केबिनमधला माणूस ती हातात फडकं धरूनच ओढायचा, घामाने गंजू नये म्हणून.

पण दांडे लांब झाले की उष्णतेचा हिशोब करा. पितळ दर मीटरला दर अंशाला ०.०१९ मिमी वाढतं. दोन मीटरचा दांडा, पहाटे आणि दुपारच्या उन्हात ४० अंशांचा फरक, म्हणजे दीड मिमी वाढ. जिभेच्या ५ मधले दीड गेले तर सांधा कसा बसणार? खऱ्या रेल्वेत याला सुंदर उत्तर आहे, दांड्याच्या मधोमध एक जोडी लावतात, तिच्या अलीकडचा दांडा ढकलला की पलीकडचा ओढला जातो. दोन्ही अर्धे सारखेच तापतात, एकाची वाढ दुसऱ्याची वाढ खाऊन टाकते, टोक जागेवर राहतं. आपल्याकडे मधोमध एक साधी तरफ ठेवली, मध्यावर खिळलेली, एका टोकाला येणारा दांडा आणि दुसऱ्या टोकाला जाणारा, तरी तेच काम होतं. तरफ बरोब्बर मध्यावर हवी, एवढंच.

कानस_आणि_पितळ

फ्रेम भारी दिसते हे मान्य, पण लांब दांड्याच्या प्रत्येक बिजागरीत थोडी थोडी ढिलाई असते आणि ती बेरीज होत जाते, शिवाय पानं, गोगलगायी, मुंग्यांची माती सगळं त्यातच शिरतं. रूळवेडांना शंटिंग करताना सांध्यापाशी जायचंय असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. मला वाटतं त्यांनी सांध्याशेजारचा लिव्हरच करावा. आणि भाऊ, लिव्हरची बैठक पाट्याला नायलॉनच्या स्क्रूने आवळा, पाय किंवा कुत्रं अडकलं तर स्क्रू तुटेल, लिव्हर आणि जीभ वाचतील. पडलेल्या अवस्थेत तबकडी गाडीला घासत नाही ना हे वळणावर सर्वात लांब डबा नेऊन बघा, बोगीच्या डब्याचं मधलं पोट आतल्या बाजूला येतं आणि टोकं बाहेर जातात.

रूळवेडा

मंडळी, पहिला लिव्हर झाला. पाटा ॲल्युमिनियमचा, चौकोनी नळीचा चिमटा, स्टेनलेसचा निमुळता दांडा, शिशाची तबकडी ८ ग्रॅमची आणि उरलेलं काम खालच्या ओमेगाचं. ०.८ च्या तारेने हलका डबा उलट जाताना अडखळत होता, ०.७ ने व्यवस्थित जातो. जीभ टेकते तेव्हा टिक असा आवाज येतो आणि मग कागदाची पट्टीसुद्धा मधे सरकत नाही. वाफाळलेली ताई म्हणाल्या तसा खटका हाताला लागतो, तो फार सुखावणारा आहे.

आता शेवटचं. शेजारी फिरणारी निशाणी, म्हणजे उभ्या दांड्यावरची पाटी जी सांधा बदलला की ९० अंश वळते, ती याच लिव्हरला जोडायची आहे. लांबून कळायला हवं सांधा कुठे आहे ते. भुजा किती ठेवू?

नॅरोगेज

अभिनंदन! कागदाची चाचणी झाली म्हणजे सांधा जमला.

निशाणीसाठी उभ्या दांड्याच्या खाली छोटी भुजा आणि तिच्या टोकाला पिन, आणि सरकणाऱ्या पट्टीत आडवी लांबट खाच, पिन त्या खाचेत. ९० अंश वळायला भुजा म्हणजे सरकणं भागिले १.४१. तुमचं सरकणं ५.२, तर भुजा ३.७. खाच पिनेपेक्षा अगदी थोडी रुंद ठेवा, पिन १ मिमी असेल तर १.१, जास्त ठेवली तर पाटी वाऱ्यावर डुलते. बुडाशी एक पातळ फेल्टचा वॉशर टाकला की पाटीला हलका अडसर राहतो.

पण ती लिव्हरला नका जोडू, जिभेच्या आडव्या पट्टीला जोडा. आता तुमच्याकडे मधे स्प्रिंग आहे ना, म्हणजे खडा अडकला तर लिव्हर पूर्ण पडेल आणि जीभ मात्र अर्ध्यावर राहील. निशाणी लिव्हरला असेल तर ती सांगेल सगळं ठीक आहे. जिभेला असेल तर पाटी तिरकी उभी राहील आणि गाडी येण्याआधी लांबूनच दिसेल. आडव्या पट्टीचं टोक लिव्हरच्या विरुद्ध बाजूला १५ मिमी वाढवा आणि निशाणी तिकडे लावा, दोन्ही एकमेकांच्या आड येणार नाहीत आणि वाकून लिव्हर फिरवताना पाटीला हातही लागणार नाही.